पलूचा गणपती

"बाई, शाडूची मूर्ती भट्टीत भाजली तर पक्की हुती का?"

निवृत्ती यादव कलाभवनाच्या दाराबाहेर उभे राहून विचारत होते. मी आत या म्हटलं, पण ते आले नाहीत. घरात सुतक होतं आणि आत फळ्यांवर मुलांनी केलेले गणपती ओळीनं वाळत ठेवले होते. म्हणून चपला बाहेर, पाय बाहेर, आणि नजर मात्र आत. ती खिडकीकडच्या टोकाला जाऊन थांबली होती. तिथं पलूचा गणपती होता.

पलू म्हणजे पल्लवी, त्यांची एकुलती एक लेक. सहावीत होती. आदल्याच आठवड्यात तापानं गेली. साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या, उतरेना म्हणून कराडला नेलं, आणि कराडहून घरी आणली ती चादरीत गुंडाळून.

"नाही हो, शाडू भाजत नाहीत," मी म्हटलं. "त्यातून मुलांच्या मूर्ती आतून भरीव असतात. भट्टीत घातली तर तडकून तुकडे होतील."

"थोडीच भाजली तर? वरनं वरनं?"

"नाही जमणार."

ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. वस्तू दुरुस्त होत नाही हे ऐकायची त्यांना सवय नसावी. बराच वेळ नखातलं ग्रीस दुसऱ्या नखानं काढत उभे राहिले. मग म्हणाले, "तर मग कच्चीच द्या. मी जपतो. पर चवथ होस्तवर ऱ्हाऊ दे तुमच्याकडं, आमच्याकडं माणसांची ये-जा हाय. एवढंच करा, कुणाला बसवायला दिऊ नका. बसवली की पाण्यात सोडाय लागती."

मी मान हलवली.

"तिची बोटं हायती त्याच्यावर," ते म्हणाले आणि चपला पायात सरकवून निघून गेले.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. पाटणचं कलाभवन म्हणजे काही भवनबिवन नव्हतं. बंद पडलेल्या तेलाच्या घाण्याची ती पत्र्याची शेड. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक दीक्षित सर गावाच्या हात धुऊन मागे लागले, तेव्हा कुठं ती मिळाली. मधोमध पडदा टाकून त्यांनी तिचे दोन वर्ग केले. अलीकडे चित्रकलेच्या परीक्षेला बसणारी मुलं बादली आणि तांब्या काढत माना मोडायची, पलीकडे हार्मोनियमचा वर्ग महिनोन्‌महिने सारेगमच्या पुढं सरकायचं नाव घ्यायचा नाही. मी पेणची, लग्न होऊन पाटणला आलेली, सव्वीस वर्षांची. जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असं वाटायचं ते वय. मी मातीकामाचा वर्ग घ्यायचे. श्रावणात आमची गणपतीची कार्यशाळा असे. प्रत्येक मुलानं वीतभर गणपती करायचा, रंगवायचा आणि हरतालिकेच्या दिवशी पाटावर ठेवून घरी न्यायचा. त्या दिवशी बाजारपेठेतून आमची वरातच निघायची, आणि 'माझा बघा, माझा बघा' म्हणून पोरं दुकानदारांना हैराण करायची.

पलू वर्गात नेहमी माझ्या समोर बसायची, कारण समोर बसलं की वाद घालता येतो. मी सोंड वळवून दाखवली ती माझ्या बाजूनं, तिनं समोरून बघितली आणि उलटी वळवली. झाला गणपती उजव्या सोंडेचा.

"पलू, सोंड फिरव," मी म्हटलं होतं. "उजव्या सोंडेचा गणपती कडक असतो म्हणतात. सगळं सोवळ्यात आणि वेळच्या वेळी लागतं त्याला."

"म्हंजे आमच्या आईसारखा," पलू म्हणाली. "मग ऱ्हाऊ दे की. मला सवय हाय."

सगळा वर्ग हसला. पडद्यापलीकडची हार्मोनियमसुद्धा थांबली. मी काही सोंड फिरवायला लावली नाही. यंदा विकतचा गणपती आणायचा नाही, माझाच बसणार, असं बापाकडून तिनं कबूल करून घेतलं होतं आणि ते ती रोज एकदा तरी सगळ्यांना ऐकवायची. मूर्ती पुरी झाली, वाळायला ठेवली, आणि रंगाच्या दिवशी पलू आली नाही.

निवृत्ती येऊन गेले त्याच दिवशी दुपारी शालनताई आल्या. पलूची आई. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधी सरळ उभं राहावं. त्याही बाहेरच पायरीवर बसल्या. डोळे कोरडे. मला वाटलं होतं, गळ्यात पडून रडतील. मी तशी मनाची तयारीही केली होती.

"ह्ये आलतं का सकाळी?"

"आले होते."

"मूर्ती मागितली आसंल."

मी खिडकीकडच्या मूर्तीकडे बघितलं.

"दिऊ नका," त्या म्हणाल्या. "ह्या चवथीला बसवा ती. आमच्या घरी सुतक हाय, तवा हितंच बसवा. आन नीट पुजून पाण्यात सोडा. मी आलते ह्ये त्येस्नी सांगू नका."

"अहो पण शालनताई, तिच्या हातची ती एकच वस्तू राहिलीय."

"उजव्या सोंडेचा देव केला तिनं. केला त्यो केला, आन अर्धा टाकून गेली. लोक काय बोलत्यात ठावं हाय का तुमास्नी? कडक देव हाताळला, म्हणून..." पुढचं त्यांनी गिळलं. "माज्या लेकीवर दोष नगं. तिचा देव वाटंला लागला, की तीबी वाटंला लागंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण बोलतं असं? मला नाव सांगा. मी जाऊन विचारते."

"नाव घिऊन काय करणार? बोलणाऱ्याचं तोंड धरता येतंय व्हय?" त्या उठल्या, लुगड्याची धूळ झटकली. "बसवा, बाई. हात जोडते."

हात जोडते म्हणाल्या, पण जोडले नाहीत. सरळ चालायला लागल्या. मी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होते आणि मला त्यांचा मनापासून राग आला होता. बापाला लेकीची बोटं दिसतात, आणि हिला दोष दिसतो! कोणाची बाजू घ्यायची हे मी तिथंच ठरवून टाकलं.

संध्याकाळी दीक्षित सरांना सगळं सांगितलं. म्हटलं, मूर्ती निवृत्तींना देऊन टाकते, शालनताईंना सांगू की वाळताना मोडली.

सर खडूचे तुकडे डब्यात भरत होते. ते थांबले. "मेधा, मेलेल्या मुलीची मूर्ती मोडली म्हणून तिच्या आईला सांगशील?"

मी खाली पडलेला एक खडू उचलून डब्यात टाकला.

"आपण वर्ग घेणारी माणसं. निवाडा करणं आपलं काम नाही. दोघांना समोरासमोर बसव. नवराबायको आहेत ती."

दुसऱ्या दिवशी निरोप धाडून दोघांना बोलावलं. कलाभवनाला बाहेर एक ओटा होता, त्यावर दोघं दोन टोकांना बसले. निवृत्तींनी बायकोकडे बघितलं.

"तू कवा आलतीस हितं?"

"तुमी आलतासा त्याच दिशी."

"कशाला?"

"तुमी कशाला आलता त्येच्यासाठीच."

मग बाकीचं मला आणि सरांना सांगावं लागलं. एकीला बसवायची आहे, दुसऱ्याला ठेवायची आहे. बसवली तर विरघळणार. ठेवली तर बसायची राहणार. सांगून झाल्यावर निवृत्ती इतके हळू बोलायला लागले की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"पोरीचं दप्तर तू भावाच्या लेकीला दिलंस, मी काय बोललो न्हाई. फ्राकं दिलीस. चपला दिल्यास. आता ह्येबी? काळीज हाय का दगड तुजं?"

"तुमी त्येच उराशी धरून बसत हुता दिसभर."

"मग? तुजं काय जात हुतं?"

शालनताईंनी नजर रस्त्याकडे वळवली. निवृत्ती सरांकडे वळले. "सर, तुमी सांगा. तुमी शिकल्यालं हायसा."

"निवृत्तीराव, कच्ची माती आहे," सर म्हणाले. "आपल्याकडची हवा तुम्ही बघताच. दोन पावसाळे काढेल, फार तर तीन. मग ओल धरून भुगा होईल तिचा."

"तवर तर ऱ्हाईल!"

मला वाटलं, संपलं, आता शालनताईंनी गप्प बसावं. पण त्या नवऱ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी ठिवून घ्याल कपाटात," त्या म्हणाल्या. "तुमचं समाधान हुईल. आन पोरगी? तिनं देव घडिवला आन त्येला फूल न्हाई, पानी न्हाई, आरती न्हाई. ह्यो दोष कुणाच्या माथ्यावर? तुमच्या का माज्या? तिच्याच की. जित्तेपनी ताप तिनं सोसला, आता ह्येबी तिनंच सोसायचं?"

"आसं बोलू नगंस, शालन."

"मी न्हाई बोलत. गाव बोलतंय."

निवृत्तींचा चेहरा बघवेना. एखाद्याच्या हातातलं पाणी त्याला पिऊ न देता काढून घ्यावं, तसं झालं होतं. ते उठले, "करा काय करायचं त्ये" म्हणाले आणि अनवाणीच रस्त्याला लागले. चपला ओट्याखाली तशाच. शालनताईंनी वाकून त्या उचलल्या, पदरानं पुसल्या आणि हातात घेऊन त्यांच्या मागून गेल्या. जवळ गेल्या नाहीत, चार हात अंतर ठेवून चालत होत्या.

मी सरांना म्हटलं, "बघितलंत? जिंकली बाई."

"जिंकली म्हणतेस?" सर म्हणाले आणि आत गेले.

हरतालिकेच्या दिवशी मुलं आपापले गणपती घेऊन गेली. दरवर्षीचा गलका त्या वर्षी झाला नाही. फळ्या रिकाम्या झाल्या, एकटा पलूचा तेवढा राहिला. मी रंगांच्या वाट्या काढल्या तोच शालनताई दारात.

"रंग लावू नका, बाई. तिचा हात झाकंल."

"डोळे तरी काढावेच लागतील. डोळ्यांशिवाय बसवत नाहीत."

"मग डोळं तेवढं काडा."

आमच्या पेणला डोळ्यांच्या आखणीला जुनी माणसं बसतात, श्वास रोखून. मला ती सवय होती, पण त्या दिवशी दोनदा कुंचला खाली ठेवावा लागला. मूर्ती आडवी धरली आणि पाठीवर, मानेच्या खाली, अंगठ्याचा एक खळगा दिसला. माती ओली असताना पलूनं तिथं दाबून धरली असणार. त्वचेच्या रेषासुद्धा उठल्या होत्या.

मूर्तीची अजून प्रतिष्ठापना व्हायची होती, म्हणजे ती नुसती मातीच. मी दाराशी जाऊन ती शालनताईंपुढे धरली. "हे बघा. बोट ठेवून बघा."

त्यांनी हात पुढं केला. बोट त्या खळग्यापर्यंत आलं. आणि चटका बसावा तसा हात मागं घेऊन त्यांनी पदराखाली घातला.

"नगं," त्या म्हणाल्या. "हात लावला तर मीच घरला घिऊन जाईन."

त्यांच्यावरचा माझा राग तिथं पहिल्यांदा हलला. ही बाई दगडाची नाही एवढं कळलं. मग ती हे का करतेय, ते मात्र कळेना. मी डोळे काढून दिले. साधे, काळे, जरा मोठे. त्या बघत राहिल्या आणि मग वळून गेल्या.

चतुर्थीला कलाभवनात पहिल्यांदाच गणपती बसला. सर स्वतः पूजेला बसले. उजव्या सोंडेचा म्हणून कलाभवनाच्या समितीतल्या दोघांनी पाठ फिरवली, आणि आम्हीही त्यांना बोलवायला गेलो नाही. मुलं मात्र सगळी आली, घरच्या आरत्या उरकून, हातात दूर्वा घेऊन. बिनरंगाचा, मातकट गणपती, आणि त्याचे ते काळेभोर डोळे. झांजा वाजत होत्या आणि माझं लक्ष रस्त्यापलीकडे होतं. तिथं बंद टायरच्या दुकानाच्या पायरीवर निवृत्ती बसले होते, आमच्याकडे पाठ करून. आरती संपली तशी उठून गेले. शालनताई फिरकल्याच नाहीत.

दीड दिवसाचा गणपती. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सरांनी उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवली. मग मला जवळ बोलावलं.

"आता देवपण गेलं तिच्यातलं. परत माती झाली. मातीला सुतक लागत नाही." सरांनी रस्त्यापलीकडे बघितलं. "त्याला सांग जाऊन."

निवृत्ती त्याच पायरीवर होते. बाजूला शालनताई उभ्या होत्या. मी जाऊन म्हटलं, "निवृत्तीराव, उत्तरपूजा झाली. आता तुम्ही हात लावू शकता. नदीवर तुम्हीच घेऊन चला."

"मला न्हाई जमायचं," ते म्हणाले. मान वर केली नाही.

"मग दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात जाईल की ती."

हे मी बोलले नाही. शालनताई बोलल्या. निवृत्ती तरीही बसून राहिले. मग उठले, रस्ता ओलांडला आणि कलाभवनाच्या दारात येऊन दोन्ही हात पुढं केले. सरांनी मूर्ती त्यांच्या ओंजळीत ठेवली. इतके दिवस लांबून बघितलेली ती मूर्ती त्यांनी छातीशी धरली. तान्हं मूल धरतात तशी, डोकं खांद्याशी आणि एक हात पाठीशी.

झांजा नाहीत, गुलाल नाही. पुढं निवृत्ती, मागं मुलं, मुलांच्या मागं सर आणि मी, आणि सगळ्यात शेवटी शालनताई. कोयनेला गढूळ पाणी होतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. मुलांना सरांनी वरच थांबवलं. निवृत्ती कपड्यांसकट उतरले, कमरेइतक्या पाण्यात गेले.

मूर्ती एकदा पाण्यात घालून वर काढली. दुसऱ्यांदा घातली, काढली. तिसऱ्यांदा सोडायची असते. तिसऱ्यांदा त्यांनी पाण्यात घातली आणि हात वर आलेच नाहीत. ते तसेच वाकून, दोन्ही हात पाण्याखाली ठेवून उभे राहिले.

आम्हाला आधी वाटलं, आता सोडतील. मग वाटलं, परत घेऊन येतील. ते दोन्ही करत नव्हते. मुलं चुळबुळ करायची थांबली. सर पुढं व्हायला लागले, तेव्हा शालनताईंनी त्यांना हातानं अडवलं.

"ऱ्हाऊ द्या. इरघळस्तवर धरत्यात. धरू द्या."

त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. नजर नवऱ्याच्या पाठीवरून हलत नव्हती. त्याच नजरेनं, माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"सावडायला आलं न्हाईत. राख दिरानं सोडली, हितंच, ह्याच पायरीवरनं. मी म्हणलं, चला. तर म्हणलं, कुटं जायचं? पोरगी गेल्यापासनं डोळ्याला पानी न्हाई त्येंच्या. फ्राक मांडीवर घिऊन बसायचं. फ्राक दिलं, तर दप्तर घिऊन. ताट वाडलं की तसंच. तिला शाळंला सोडायचं म्हणून सायकल काडून दारात उभं ऱ्हायचं, बाई, रोज."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"ही मूर्ती घरात आली आसती तर तिच्या म्होरनं ह्यो मानूस उठला नसता. माजं एक गेलं. दुसरं जपाय नगं?"

"मग गावातले लोक... तो दोष..."

"कोन न्हाई बोललं. म्याच बोलले." शालनताईंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "दोष कसला, बाई, आकरा वर्साच्या लेकराला? पर काय सांगनार हुते मी त्येस्नी? तुमी मराल म्हणून सोडा म्हणलं आसतं, तर तवाच मेलं आसतं. स्वतासाठी त्येंनी सोडलं नसतं. पोरीसाठी सोडतील, एवडं मला ठावं हुतं. माज्याच लेकीला माज्याच तोंडानं दोष लावला म्या. ती काय म्हनत आसंल मला?"

मी त्यांचा हात धरला. तो गार होता आणि त्यांनी तो काढून घेतला नाही. मनात त्यांना काय काय म्हणून बसले होते मी! पाण्यातल्या माणसाला पेललं नव्हतं ते दुःख या बाईनं दोघांचं मिळून एकटीनं उचललं होतं, आणि वर नवऱ्याकडून दगड म्हणवून घेतलं होतं.

ऊन डोंगराआड गेलं. निवृत्तींच्या खांद्यांना झटका बसल्यासारखं झालं. त्यांनी हात वर काढले. ओंजळीत करड्या रंगाचा चिखल होता, तोही बोटांच्या फटीतून गळत होता. ते त्याच्याकडे बघत पायऱ्या चढून आले आणि बायकोच्या पुढ्यात बसले.

"न्हाई ऱ्हायलं," ते म्हणाले. "शालन, बोटं न्हाई ऱ्हायली गं तिची. धरून ठिवली हुती मी, तरीबी न्हाई ऱ्हायली."

आणि मग तो माणूस रडला. कोयनेच्या घाटावर, शाळेच्या पोरांसमोर, तोंड उघडं टाकून, लहान मुलं रडतात तसा. त्यांचं डोकं शालनताईंच्या गुडघ्यावर आलं, मातीचे हात त्यांच्या लुगड्याला लागले. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "रडा," एवढंच म्हणत होत्या. "रडा. लई उशीर केलासा."

सर चष्मा पुसत उभे होते. मुलांना काय करावं कळत नव्हतं. त्यातल्या एका धाकट्या पोरीला वाटलं असावं की विसर्जन झालं, आणि ओरडायचं तर राहूनच गेलं. तिनं एकटीनंच आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" बाकीच्यांच्या तोंडून सवयीनंच निघालं.

"पुढच्या वर्षी..."

मी हात वर करून त्यांना थांबवायला गेले, पण उशीर झाला होता. सगळ्या घाटावर पोरांचा आवाज घुमला, "लवकर या!"

निवृत्तींच्या पाठीवर फिरणारा शालनताईंचा हात तेवढा थांबला. त्यांनी नदीकडे बघितलं. इतके दिवस कोरडे राखलेले डोळे भरून आले आणि पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत गेलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"पलू," त्या पाण्याकडे बघून म्हणाल्या, "लवकर ये गं, माजे बाय."